रिचर्ड मॉरिस (चेतावैज्ञानिक)

रिचर्ड ग्रॅहॅम मायकेल मॉरिस (जन्म : १९४८) हे ब्रिटिश चेतावैज्ञानिक आहेत. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागाचा स्मृतीशी असलेला संबंध हा त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय होय. उंदीरवर्गीय प्राण्यांची स्थलस्मृती तपासण्यासाठी त्यांनी तयार केलेली चाचणी ‘मॉरिस वॉटर मेझ’ (मॉरिस जलव्यूह) या नावाने जगभर ओळखली जाते.

शिक्षण व कारकीर्द

मॉरिस यांनी केंब्रिज विद्यापीठात निसर्गविज्ञानाचे शिक्षण घेतले आणि ससेक्स विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. पुढे ते स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात अध्यापन करू लागले. जलव्यूहाची रचना त्यांनी तेथेच केली. १९८६ पासून त्यांचे कार्य एडिंबरा विद्यापीठात झाले. २०१४ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी मे-ब्रिट मोसर व एडवर्ड मोसर यांनी १९९० च्या दशकात काही काळ त्यांच्या प्रयोगशाळेत काम केले होते.

जलव्यूह

नावात ‘व्यूह’ असला तरी या चाचणीत वाटा किंवा भिंती नसतात. एका गोल हौदात दूध किंवा रंग मिसळून गढूळ केलेले पाणी असते आणि पृष्ठभागाच्या किंचित खाली एक लहान चौथरा लपवलेला असतो. पाण्यात सोडलेला उंदीर पोहत पोहत चौथरा शोधतो. चौथरा दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. त्यामुळे खोलीतील दूरच्या वस्तूंच्या आधारे त्याची जागा लक्षात ठेवणे, हाच खात्रीचा मार्ग उरतो. काही फेऱ्यांनंतर उंदीर हौदाच्या कोणत्याही कडेवरून थेट चौथऱ्याकडे जाऊ लागतो. शेवटी चौथरा काढून घेतला जातो. तरीही उंदीर पूर्वीच्या जागीच घुटमळत राहिला, तर ती जागा त्याच्या स्मरणात आहे असे मानले जाते. या पद्धतीवरील पहिला शोधनिबंध १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९८२ मध्ये मॉरिस, गॅरुड, रॉलिन्स व जॉन ओकीफ यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या उंदरांना लपलेला चौथरा शोधणे जड जाते. मात्र चौथरा पाण्याबाहेर दिसत असेल, तर ते तेथे पोहोचतात. म्हणजे उणीव पोहण्याची वा दृष्टीची नसून स्थलस्मृतीची होती.

स्मृतीच्या यंत्रणेचा शोध

चेतापेशींमधील जोडण्या (चेतासंधी) दीर्घकाळ बळकट होण्याच्या प्रक्रियेचे वर्णन ब्लिस व लोमो यांनी १९७३ मध्ये केले होते. हीच प्रक्रिया शिकण्याच्या मुळाशी आहे का, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता. १९८६ मध्ये मॉरिस व सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतील एनएमडीए ग्राही ‘एपी-५’ या औषधाने रोखले. त्यामुळे जोडण्या बळकट होण्याची क्रिया थांबली आणि जलव्यूहातील शिकणेही मंदावले.

या निष्कर्षाला मर्यादा घालणारा पुरावा १९९५ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेतून आला. दुसऱ्या हौदात आधी प्रशिक्षण मिळालेले उंदीर हेच औषध दिल्यावरही नवी जागा शिकू शकले. ग्राही व स्मृती यांचे नाते वाटले होते तितके सरळ नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. १९९७ मध्ये फ्राय व मॉरिस यांनी ‘सायनॅप्टिक टॅगिंग’ची कल्पना मांडली. उत्तेजित झालेल्या चेतासंधीवर तात्पुरती खूण उमटते आणि जोडणी टिकाऊ करणारी प्रथिने त्या खुणेमुळे तेथे पकडली जातात, असा तिचा आशय आहे. पूर्वज्ञानाच्या चौकटीत बसणारी नवी माहिती मेंदूत लवकर स्थिरावते, हे २००७ च्या ‘सायन्स’मधील निबंधात दाखवले गेले.

संदर्भोल्लेख व प्रभाव

जलव्यूहाच्या कार्यपद्धतीवरील १९८४ चा निबंध आणि १९८२ चा ‘नेचर’मधील निबंध यांचे संदर्भोल्लेख हजारोंच्या घरात आहेत. त्यांतील मोठा वाटा औषधशास्त्र, वार्धक्य, मेंदूची इजा आणि जनुकीय बदल केलेल्या उंदरांवरील संशोधनाचा आहे. अल्झायमर रोगाच्या अभ्यासासाठी तयार केलेल्या उंदरांची स्मृतीही याच हौदात तपासली जाते. अशा लेखांत मॉरिस यांचे नाव बहुधा ‘कार्यपद्धती’ या विभागात येते. त्यामुळे या संख्येवरून साधनाचा प्रसार कळतो. त्यांच्या सिद्धांतांना मिळालेली मान्यता त्यावरून मोजता येत नाही. शिवाय अनेक संशोधक मूळ निबंधाऐवजी व्होरहीस व विल्यम्स यांच्या २००६ मधील कार्यपद्धतीचा हवाला देतात. त्यामुळे केवळ मूळ निबंधाच्या आकड्यावरून चाचणीचा खरा वापरही पूर्णपणे कळत नाही.

चाचणीवर आक्षेपही घेतले गेले आहेत. पोहण्याचा ताण, शारीरिक अशक्तपणा व दृष्टिदोष यांचा निकालावर परिणाम होऊ शकतो. लहान जातीचे उंदीर (माइस) कधी कधी चौथरा न शोधता नुसतेच तरंगत राहतात. म्हणून दिसणाऱ्या चौथऱ्याची तुलनात्मक फेरी आवश्यक मानली जाते.

सन्मान

मॉरिस १९९७ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. २००७ मध्ये त्यांना सीबीई हा ब्रिटिश किताब मिळाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘द हिप्पोकॅम्पस बुक’ या ग्रंथाचे ते एक संपादक आहेत. २०१६ चे ब्रेन प्राइझ त्यांना टिम ब्लिस व ग्रॅहॅम कॉलिंग्रिज यांच्यासह विभागून देण्यात आले.