कोड न लिहिता, चौकोन जोडून संगीत कसं तयार होतं? समजून घ्या 'प्युअर डेटा'

पांढऱ्या स्क्रीनवर छोटे छोटे चौकोन, त्यांना जोडणाऱ्या रेषा आणि मागून येणारा विचित्र, पण ऐकत राहावासा वाटणारा आवाज. इलेक्ट्रॉनिक संगीताच्या रील्स पाहत असाल, तर हे दृश्य कधी ना कधी तुमच्या फीडमध्ये आलं असेल. दिसायला तो सर्किटचा नकाशा वाटतो. खरं तर तो एक प्रोग्राम असतो आणि तो लिहिलेला नसतो, काढलेला असतो.

याला व्हिज्युअल प्रोग्रामिंग म्हणतात. शाळेत स्क्रॅच वापरलेल्यांना कल्पना लगेच कळेल. संगीतासाठी यातली दोन नावं सगळ्यात जुनी आणि महत्त्वाची आहेत: मॅक्स आणि प्युअर डेटा. मॅक्ससाठी पैसे मोजावे लागतात, प्युअर डेटा पूर्ण मोफत आहे. म्हणून इथे प्युअर डेटाबद्दलच बोलू.

हे आलं कुठून?

दोन्हींमागे माणूस एकच, मिलर पकेट. शिक्षणाने गणितज्ञ. १९८०च्या दशकात ते पॅरिसच्या इरकाम या संस्थेत काम करत होते. संगीतकार पिएर बुलेझ यांनी उभारलेली ही संस्था संगीत आणि विज्ञान एकत्र आणण्यासाठी ओळखली जाते. तिथे संगीतकारांची एक अडचण होती. वादक वाजवत असतानाच कॉम्प्युटरने त्याला साथ द्यायला हवी होती, पण त्यासाठी दरवेळी प्रोग्रामरच्या मागे लागावं लागायचं. पकेट यांनी मॅक्स तयार केलं आणि १९८८ मध्ये फिलिप मानुरी यांच्या 'प्लुटॉन' या पियानो आणि कॉम्प्युटरसाठीच्या रचनेत ते वापरलं गेलं.

मॅक्स हे नाव मॅक्स मॅथ्यूज यांच्यावरून आलं. १९५७ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये त्यांनीच कॉम्प्युटरकडून आवाज तयार करून घेणारा प्रोग्राम लिहिला होता. पुढे मॅक्स व्यावसायिक सॉफ्टवेअर झालं. पकेट अमेरिकेत परतले आणि १९९६ मध्ये त्यांनी त्याच कल्पनेवर प्युअर डेटा आणलं. हे सॉफ्टवेअर कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं. २००८ मध्ये आलेल्या 'स्पोअर' या गेममधलं आपोआप बदलत राहणारं संगीत प्युअर डेटाच्याच एका रूपावर चालायचं आणि त्यात ब्रायन ईनो यांचा हात होता. रेडिओहेडचे जॉनी ग्रीनवुड मॅक्स वापरतात.

पहिला आवाज कसा काढायचा?

प्युअर डेटा विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतं. रास्पबेरी पायसारख्या छोट्या बोर्डवरही चालतं, म्हणजे घरातल्या जुन्या लॅपटॉपलाही ते जड जाऊ नये. नवी फाईल उघडली की कोरी पाटी दिसते. या पाटीला पॅच म्हणतात. कंट्रोल आणि १ दाबलं की रिकामा चौकोन येतो. त्यात रोमन अक्षरांत ओ, एस, सी आणि त्याला चिकटून ~ हे चिन्ह टाईप करा, मग एक जागा सोडून ४४०. (आकडेही इंग्रजीतच टाका.) हा झाला 'ऑस्क', म्हणजे सेकंदाला ४४० कंपनांचा सूर देणारा चौकोन.

त्याखाली दुसरा चौकोन: *~ आणि ०.१. हा आवाज दहा पटीने कमी करतो. त्याखाली तिसरा: डी, ए, सी आणि ~. हा आवाज स्पीकरपर्यंत पोचवतो. वरच्या चौकोनाच्या खालच्या कडेवरून खालच्याच्या वरच्या कडेपर्यंत माऊसने रेषा ओढा. शेवटच्या चौकोनाला डावा आणि उजवा अशी दोन तोंडं असतात, दोन्हींना जोडा. मुख्य खिडकीत डीएसपी असं लिहिलेलं असेल, तिथे टिक करा. सूर सुरू होईल.

मधला ०.१ चा चौकोन मात्र गाळू नका. तो नसेल तर सूर पूर्ण ताकदीने कानात शिरतो आणि हेडफोन लावले असतील तर ते धोक्याचं आहे. प्रयोग करताना हेडफोन आधी कानातून काढा, मग रेषा ओढा.

~ हे चिन्ह लाटेसारखं दिसतं आणि त्याचा अर्थही तोच आहे. हे चिन्ह असलेले चौकोन आवाजाची लाट सतत हाताळतात, साधारण सेकंदाला ४४,१०० आकडे या वेगाने. चिन्ह नसलेले चौकोन फक्त निरोप मिळाला की काम करतात. पडद्यावर आवाजाच्या रेषा जाड आणि निरोपांच्या बारीक दिसतात.

आता भूप वाजवून पाहू

सा २४० वर धरला तर शुद्ध रे २७०, ग ३००, प ३६० आणि ध ४००. भूपाचे पाच स्वर. हे आकडे पाच मेसेज चौकोनांत लिहा (कंट्रोल आणि २). वर 'मेट्रो ५००' ठेवा. तो दर अर्ध्या सेकंदाला एक टिचकी देतो. ती 'रँडम ५' कडे गेली की शून्य ते चारमधला एक आकडा निघतो. त्याखाली 'सिलेक्ट ० १ २ ३ ४' असा चौकोन ठेवला की त्या आकड्यानुसार एकेक स्वर निवडला जातो. पाचही मेसेज मघाच्या ऑस्कला जोडा, मेट्रोच्या डोक्यावर सुरू-बंद करायचं टॉगल लावा आणि ऐका.

फक्त २४० ऐवजी '२४० १५०' असं लिहिलं, बाकी मेसेजमध्येही तसंच केलं आणि मध्ये 'लाईन~' चौकोन टाकला, तर सूर उडी मारण्याऐवजी १५० मिलिसेकंदांत घसरत जातो. म्हणजे कामचलाऊ मींड.

पण हा भूप झाला का? नाही. देसकारातही हेच पाच स्वर आहेत. भूपात गंधार वादी, देसकारात धैवत. कुठे थांबायचं, कुठून उतरायचं, यावर राग ठरतो आणि 'रँडम'ला यातलं काही कळत नाही. ते नियम तुम्हाला चौकोनांत मांडावे लागतात. मला या माध्यमाची सगळ्यात मोठी गंमत इथेच वाटते. एआयला एक ओळ लिहून अख्खं गाणं मिळतं, पण त्यात धैवतावर का थांबलं याचं उत्तर मिळत नाही. इथे थांबवणारा चौकोन तुम्हीच ठेवलेला असतो.

कीबोर्डवरचा ग आणि आपला ग वेगळा का लागतो, हेही इथे कानाने तपासता येतं. सा २४० असताना कीबोर्डच्या पद्धतीने ग जवळपास ३०२.४ येतो. तो आणि ३०० दोन्ही एकदम वाजवा. आवाज सेकंदाला दोनदा-अडीचदा हेलकावे खाताना ऐकू येईल.

अडतं कुठे?

'कोडिंगशिवाय' असं याचं वर्णन केलं जातं, ते अर्धंच खरं आहे. टायपिंग कमी आहे, पण हे प्रोग्रामिंगच आहे आणि डोकं तितकंच लागतं.

नवशिक्यांना पहिली ठेच लागते ती डाव्या-उजव्या तोंडाची. बेरजेच्या चौकोनात उजवीकडून ५ पाठवले तर काहीच होत नाही. ते नुसते साठवले जातात. डावीकडून ३ आले की ८ बाहेर पडतात. मिक्सरच्या भांड्यात खोबरं टाकलं म्हणून चटणी होत नाही, बटण फिरवावं लागतं. डावं तोंड म्हणजे ते बटण.

दुसरी ठेच जास्त लबाड आहे. एकाच चौकोनातून दोन रेषा निघाल्या तर आधी कुठली? प्युअर डेटात हे तुम्ही कुठली रेषा आधी ओढली यावर ठरतं आणि चित्राकडे पाहून ते कळत नाही. म्हणून 'ट्रिगर' नावाचा चौकोन वापरायचा. तो निरोप नेहमी उजवीकडून डावीकडे सोडतो. ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घेतलेली बरी.

अडलात तर कुठल्याही चौकोनावर राईट क्लिक करून हेल्प दाबा. नुसता मजकूर नाही, चालणारं उदाहरण उघडतं. त्यातले चौकोन कॉपी करून सरळ आपल्या पॅचमध्ये टाकता येतात. मदत इंग्रजीत आहे, पण वाचण्यापेक्षा रेषा तोडून-जोडून जास्त कळतं. पुढे खोलात जायचं असेल तर पकेट यांचं इलेक्ट्रॉनिक संगीताच्या सिद्धांतावरचं २००७ चं पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे. त्यात गणित भरपूर आहे, त्यामुळे सुरुवात तिथून करू नका.

तयार पॅचची फाईल इतकी छोटी असते की व्हॉट्सअ‍ॅपवर क्षणात जाते. गंमत म्हणून ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा. प्रत्येक चौकोन पडद्यावर कुठे आहे, त्यात काय लिहिलंय आणि कोण कुणाला जोडलंय, हे सगळं साध्या मजकुरात एकाखाली एक लिहिलेलं दिसेल.