आजीची उधारीची वही

लोअर परळ स्टेशनवर उतरून फिनिक्सच्या दिशेने चालायला लागलं की मला हटकून आजी आठवते. मॉलच्या गर्दीत जुन्या गिरणीची चिमणी अजून उभी आहे. लोक तिच्यासमोर फोटो काढतात. तिच्या भोंग्यावर (किंवा आसपासच्या कुठल्यातरी गिरणीच्या भोंग्यावर) आमच्या आजीचा स्टोव्ह पेटायचा, हे त्यांना कोण सांगणार?

आजी लग्न होऊन देवरुखजवळच्या एका गावातून थेट डिलाईल रोडच्या चाळीत आली. दहा बाय बाराची खोली, आणि त्यात बारा माणसं जेवायला! घरातली वेगळी. गिरणगावात अशा खोल्या घरोघरी होत्या. कोकणातून, सातारा-कोल्हापूरकडून आलेले गडी बायकामुलांना गावी ठेवून इथे गावकऱ्यांच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपायचे आणि जेवायला कुणा ना कुणा बाईकडे असायचे. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या, म्हणजे चूलही तीन पाळ्यांत. सकाळी सातच्या पाळीसाठी आजी पहाटे चारलाच भाकऱ्या थापायला बसायची, आणि रात्री बाराला सुटणाऱ्यांसाठी झाकून ठेवायची.

बायकांनी गिरणीत काम का नाही केलं, असं मी तिला लहानपणी विचारलं होतं. ती नुसती हसली. पुढे वाचताना कळलं, की करायच्या! १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार बाई होती, मुख्यतः वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात. रात्रपाळीला बंदी होतीच, मग १९२९ साली मुंबई प्रांतात बाळंतपणाच्या भत्त्याचा कायदा आला, नवी यंत्रं आली. मालकांना बायका महाग वाटू लागल्या, आणि खात्यांतून त्या हळूहळू कमी होत गेल्या. कायदा बाईच्या भल्याचा, पण तोच सांगून बाईला घरी बसवलं गेलं. मला हा प्रकार फार चीड आणणारा वाटतो. असो.

खानावळीचं गणित मोठं अवघड. पैसे पगार झाल्यावर, किराणा मात्र रोज. मधले दिवस ढकलायला वाण्याची उधारी, नाहीतर सावकार. आजीचं मंगळसूत्र वर्षातून किती वेळा गहाण पडायचं ते आत्यालाच ठाऊक. बँकेचं दार या बायकांसाठी नव्हतंच. तारण नाही, हिशेबाचे कागद नाहीत, आणि अनेकींना सहीदेखील येत नव्हती.

इथे प्रेमा पुरव येतात. मूळच्या गोव्याच्या, मुक्तिलढ्यात पायाला गोळी लागलेल्या, नंतर मुंबईत कम्युनिस्ट चळवळीत गिरणी कामगारांमध्ये काम केलेल्या. पती दादा पुरव बँक कर्मचाऱ्यांचे नेते. १९७३-७४च्या गिरणी संपात त्यांनी पाहिलं, की संपकऱ्यांना उधारीवर जेवू घालणाऱ्या बायका आहेत म्हणून संप टिकतोय, आणि त्या बायकांच्या मागे मात्र कोणी नाही. पुरुषांची युनियन होती, यांची नव्हती. १९६९मध्ये बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं, गरिबांना कर्ज द्या असं सरकार म्हणत होतं. प्रेमाताईंनी ते शब्दशः घेतलं! १९७५ साली १४ खानावळवाल्यांना बँकेकडून प्रत्येकी १५०० रुपये मिळवून दिले. तारण म्हणजे बायकांनी एकमेकींची दिलेली हमी. त्यातून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं. पुढे हजारो बायका त्यात आल्या. वाशीला त्यांनी नोकरी करणाऱ्या मुलींसाठी वसतिगृहही काढलं. एकटीने शहरात आलेल्या मुलीला काय लागतं, ते खानावळवालीपेक्षा जास्त कोणाला कळणार? २००२ साली प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली.

आमच्या आजीने कर्ज घेतलं नाही. शेजारच्या काकूंनी घेतलं, सावकार सोडवला, आणि आजीलाही चल म्हणाल्या. आजोबा म्हणाले, बायका बँकेत जाऊन काय करणार. (आजोबा वाईट नव्हते हो, बाबा वाचताहेत म्हणून लिहितोय. पण त्या दिवशी ते चुकलेच.) आजी गप्प बसली आणि मंगळसूत्र पुन्हा सावकाराकडे गेलं.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांचा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. सुरुवातीला आजी म्हणायची, महिन्या-दोन महिन्यांत मिटेल. ती जेवू घालत राहिली, वहीत मांडत राहिली. जेवणारे एकेक करून गावाला गेले. कोणी पाया पडून गेलं, कोणी न सांगता. संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, त्यामुळे आजीची उधारीही रीतसर कधी बुडाली नाही! वहीत ती तशीच राहिली. मागायला गावी जा, असं कोणी म्हटलं की ती म्हणायची, त्यांच्याकडे असतं तर दिलं नसतं का.

कर्ज घेतलेल्या काकूंचीही माणसं गेली. पण त्या पुढे ऑफिसांत डबे देऊ लागल्या. आजीकडे ते सुरू करायला भांडवल नव्हतं. १५०० रुपयांनी किती फरक पडला असता, हे मला ठरवता येत नाही, पण चाळीतल्या त्या दोन खोल्या डोळ्यांपुढून जात नाहीत.

आत्या, ती लाल पुठ्ठ्याची वही तुझ्याकडेच असेल. माळा आवरताना टाकू नकोस. मी येत्या रविवारी येतोय, त्यातली नावं उतरवून घेईन.