प्रायोगिक मराठी रंगभूमी आणि छबिलदास सभागृह : प्रयोगस्थळाच्या इतिहासाचा एक अभ्यास

प्रस्तावना

मराठी रंगभूमीचा इतिहास बहुतांशी नाटककार, नट आणि नाटकमंडळ्या यांच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. कोणते नाटक कोणी लिहिले, ते कोणी बसविले आणि त्यात कोणी भूमिका केल्या, याची नोंद आपल्याकडे बऱ्यापैकी उपलब्ध आहे. परंतु प्रयोग कोठे झाला, ती जागा मुळात कोणत्या कारणासाठी बांधलेली होती आणि तेथे प्रयोग करण्याचा हक्क कोणाच्या हाती होता, हे प्रश्न सहसा तळटीपेत जातात. शांता गोखले यांनी संपादित केलेला मुंबईच्या प्रायोगिक रंगभूमीचा मौखिक इतिहास (२०१५) याला अपवाद आहे. त्याची मांडणीच मुळी भुलाभाई इन्स्टिट्यूट, वालचंद टेरेस आणि छबिलदास या तीन जागांभोवती केलेली आहे. प्रस्तुत निबंधात दादरच्या छबिलदास शाळेतील सभागृह मध्यवर्ती ठेवून, लहान प्रयोगस्थळाने नाटकाच्या रूपावर आणि प्रेक्षकावर कोणता परिणाम घडविला, आणि जागेच्या मालकीचा प्रश्न या चळवळीच्या आयुष्याशी कसा निगडित होता, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

१. मोठ्या नाट्यगृहाची परंपरा

विष्णुदास भावे यांनी ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे 'सीतास्वयंवर' सादर केले ते संस्थानिकांच्या आश्रयाने. दहा वर्षांनी, १८५३ मध्ये, भाव्यांच्या मंडळीने मुंबईत प्रयोग केले, तेव्हा तिकीट काढून येणारा प्रेक्षक हाच आश्रयदाता झाला होता. हे प्रयोग ग्रँट रोडवरील नाट्यगृहात झाले. जगन्नाथ शंकरशेट यांच्या पुढाकाराने ते १८४६ मध्ये उभे राहिले होते. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे झालेले हे संक्रमण नाट्यगृहाच्या इमारतीमुळे शक्य झाले. पुढे शंभर वर्षांत या इमारतीचा एक ठराविक साचा तयार झाला : कमानीच्या चौकटीतील उंच रंगमंच, पडदा, आणि समोर अंधारात बसलेला मोठा प्रेक्षकवर्ग.

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईत गिरगावातील मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह (१९६४) आणि दादरचे शिवाजी मंदिर (१९६५) उभे राहिल्यावर व्यावसायिक रंगभूमीस हक्काची घरे मिळाली. मात्र हजाराच्या आसपास आसने असलेल्या नाट्यगृहाचे अर्थकारण वेगळे असते. तेथील भाडे भागविण्यासाठी नाटकाला पहिल्या काही प्रयोगांतच मोठा प्रेक्षकवर्ग जमवावा लागतो. ज्या नाटकाला शे-दीडशे जाणकार प्रेक्षकच मिळण्याची शक्यता आहे, त्याला अशा वास्तूत जागा उरत नाही. प्रायोगिक नाटकवाल्यांचा जागेचा शोध या वस्तुस्थितीतून सुरू झाला.

२. गच्ची आणि संस्था

या शोधाचे पहिले महत्त्वाचे ठाणे वॉर्डन रोडवरील भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट हे होते. इब्राहिम अल्काझी यांनी १९५४ मध्ये स्थापन केलेल्या थिएटर युनिटचे कार्य, पंडित रविशंकर यांचे संगीतवर्ग आणि हुसेन, गायतोंडे यांच्यासारख्या चित्रकारांचे स्टुडिओ एकाच वास्तूत नांदत होते. चित्रकार तालमीला डोकावे आणि नट चित्रकाराच्या खोलीत रेंगाळे, असा हा शेजार होता. अल्काझींनी आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवरही खुला रंगमंच उभारला होता. १९६२ मध्ये ते राष्ट्रीय नाट्य विद्यालयाच्या संचालकपदावर दिल्लीस गेले आणि थिएटर युनिटची धुरा सत्यदेव दुबे यांच्याकडे आली. भुलाभाई इन्स्टिट्यूटची वास्तू पुढे पाडली गेली व तेथे उंच इमारत झाली. त्यानंतर ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये उद्योगपती विनोद दोशी यांच्या सौजन्याने दुब्यांना काही काळ आसरा मिळाला.

या दोन्ही ठिकाणी एक समान सूत्र आढळते. जागा मिळाली ती एखाद्या धनिक वा विश्वस्त कुटुंबाच्या रसिकतेमुळे. ही रसिकता खरी होती, हे नाकारता येणार नाही. परंतु तिच्यावर कोणाचा हक्क नव्हता.

३. 'रंगायन'पासून 'आविष्कार'पर्यंत

१९६० मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदींनी 'रंगायन'ची स्थापना केली. निवडक सभासद-प्रेक्षकांच्या बळावर नवे नाटक करून पाहावे, ही त्यामागील भूमिका होती. आयनेस्कोच्या नाटकाचा 'खुर्च्या' हा मराठी अवतार आणि तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) ही या संस्थेची ठळक उदाहरणे होत. यातील दुसऱ्या नाटकाचे घटनास्थळ विशेष लक्षणीय आहे. गावातील एका सभागृहात हौशी नटांचा संच प्रयोगासाठी येऊन थांबतो आणि वेळ घालविण्यासाठी खोटा खटला उभा करतो. चार भिंती, काही खुर्च्या आणि एक दार एवढ्या सामग्रीवर संपूर्ण नाटक उभे राहते. म्हणजे साध्या सभागृहाची नाट्यक्षमता मराठी नाटककाराने छबिलदासच्या कितीतरी आधी ओळखली होती.

'रंगायन'मधील मतभेदांनंतर १९७१ मध्ये अरविंद व सुलभा देशपांडे, तेंडुलकर, अरुण काकडे आदींनी 'आविष्कार' ही संस्था सुरू केली. गिरीश कार्नाडांचे 'तुघलक' तेंडुलकरांच्या मराठी अनुवादात करून या संस्थेने आरंभ केला. परंतु असे भव्य नाटक वारंवार उभे करणे तिच्या आवाक्याबाहेरचे होते. सुलभा देशपांडे या दादरच्या छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. त्या ओळखीतून १९७४ मध्ये शाळेचे सभागृह 'आविष्कार'ला भाड्याने मिळाले.

४. शाळेचे सभागृह आणि नाटकाचे रूप

छबिलदासचे सभागृह नाट्यगृह म्हणून बांधलेले नव्हते, आणि हीच गोष्ट निर्णायक ठरली. आसने जमिनीला जखडलेली नसल्याने प्रत्येक नाटकासाठी प्रेक्षकांची बैठक नव्याने मांडता येई. नट आणि प्रेक्षक यांच्यात काही फुटांचेच अंतर राही. अशा अंतरावर उंच आवाज आणि ठसठशीत हातवारे कृत्रिम वाटू लागतात. उलट पापणीची हालचाल आणि अर्धवट सोडलेले वाक्यही पोहोचते. मराठी अभिनयात पुढे जो संयत, बोलका-अबोल सूर रुळला, त्याच्या घडणीत या अंतराचा वाटा आहे, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

नेपथ्याचेही तसेच झाले. सायंकाळी वर्ग सुटल्याखेरीज जागा मोकळी होत नसे आणि सकाळी ती पुन्हा शाळेची असे. त्यामुळे जे काही उभारायचे ते त्याच रात्री उतरविण्याजोगे असणे भाग होते. लाकडी पातळ्या, मोजके दिवे आणि नटांची शरीरे यांवर भिस्त ठेवावी लागली. बादल सरकार यांच्या 'जुलूस'सारखे नाटक अमोल पालेकर यांनी 'अनिकेत'तर्फे केले, तेव्हा प्रेक्षकांमधून वाट काढणारा नटसमूह हेच नेपथ्य ठरले. सदानंद रेगे यांच्या 'गोची'सारख्या नाटकालाही ही जवळीक मानवली. साधेपणा हे येथे निव्वळ सौंदर्यशास्त्रीय तत्त्व नव्हते. ती जागेने घातलेली अट होती, आणि कलावंतांनी तिचे तत्त्वात रूपांतर केले.

'आविष्कार'चे दुसरे श्रेय असे की, तिने हे सभागृह केवळ स्वतःपुरते ठेवले नाही. इतर संस्थांनाही अल्प आकारात तेथे प्रयोग करता येऊ लागले. दुबे, पालेकर आणि अनेक नवोदित लेखक-दिग्दर्शक एकाच छताखाली आले. अच्युत वझे यांच्यासारख्या नाटककाराच्या लेखनाला येथे प्रेक्षक मिळाला. 'छबिलदास चळवळ' हे नामाभिधान रूढ झाले ते यामुळेच. एखाद्या व्यक्तीचे वा संस्थेचे नव्हे, तर शाळेचे नाव एका नाट्यचळवळीस मिळावे, ही घटना मराठी सांस्कृतिक इतिहासात विरळाच म्हणावी लागेल.

५. प्रेक्षक

या सभागृहात येणारा प्रेक्षक कोण होता? दादर हे पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांना जोडणारे स्थानक. पार्ल्याचा आणि डोंबिवलीचा नोकरदार कचेरी सुटल्यावर सारख्याच सोयीने येथे उतरू शके. करणारे आणि पाहणारे सामाजिकदृष्ट्या एकाच थरातले होते. पालेकर बँकेत नोकरीस होते, तेंडुलकर वृत्तपत्रात, सुलभाताई शाळेत. प्रयोगानंतर खाली गल्लीत उभे राहून नाटकावर वाद घालणे हा जाण्यायेण्याचाच भाग असे. मोठ्या नाट्यगृहात प्रेक्षक नाटक पाहून घरी जातो. येथे तो नटाला, लेखकाला गाठून जाब विचारू शकत होता.

मात्र याच एकजिनसीपणात चळवळीची मर्यादाही होती. परळच्या दामोदर हॉलमध्ये गिरणगावातील कामगार आपली नाटके करीत होते. दादर-परळ हे अंतर फारसे नाही. तरीही या दोन प्रेक्षकवर्गांची सरमिसळ क्वचितच झाली. लहान जागा जवळीक निर्माण करते, तशीच ती आपल्यातल्या आपल्यात राहण्याची सवयही लावते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही.

६. मालकीचा प्रश्न

१९८७ मध्ये अरविंद देशपांडे यांचे निधन झाले. १९९० च्या दशकाच्या आरंभी छबिलदासमधील प्रयोग थांबले आणि 'आविष्कार'ने माहीम येथील महापालिका शाळेत बिऱ्हाड हलविले. संस्था संपली नाही. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली महेश एलकुंचवार यांची वाडा-नाट्यत्रयी सलग सादर करण्याचे मोठे धाडस तिने १९९४ मध्ये केले. परंतु 'चळवळ' म्हणावी अशी अनेक संस्थांची एकत्र वर्दळ दादर सुटल्यावर तशीच्या तशी नव्या जागेत उभी राहिली नाही. शाळा चालविणाऱ्यांना यासाठी दोष देणे अनैतिहासिक ठरेल. शिक्षण हे त्यांचे पहिले काम होते, आणि त्यांनी दीड दशकाहून अधिक काळ नाटकाला जागा दिली, हीच विशेष बाब होय.

तुलनेसाठी जुहू येथील पृथ्वी थिएटर पाहता येईल. शशी आणि जेनिफर कपूर यांनी १९७८ मध्ये सुरू केलेले, सुमारे दोनशे आसनांचे हे नाट्यगृह छबिलदासचे समकालीन. त्याचा आरंभही गो. पु. देशपांडे यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा' या मूळ मराठी नाटकाच्या हिंदी प्रयोगाने झाला. प्रेक्षकाच्या जवळचा रंगमंच आणि नव्या नाटकांना उत्तेजन ही वैशिष्ट्ये तेथेही होती. परंतु पृथ्वीची वास्तू नाटकासाठीच बांधलेली व न्यासाच्या स्वाधीन असल्याने ती टिकली. छबिलदासला जे साधले ते पृथ्वीहून कमी मोलाचे होते असे नाही. फरक होता तो छत कोणाचे, एवढाच.

निष्कर्ष

१. प्रायोगिक मराठी रंगभूमीच्या नाट्यरूपाची आणि अभिनयशैलीची घडण लहान, लवचीक प्रयोगस्थळांपासून वेगळी काढून समजावून घेता येत नाही.

२. भुलाभाई, वालचंद टेरेस आणि छबिलदास या तिन्ही ठिकाणी रंगभूमी भाडेकरू अथवा पाहुणी होती. चळवळीच्या अखेरीचे स्पष्टीकरण केवळ दूरचित्रवाणी वा प्रेक्षकांची उदासीनता यांत शोधणे म्हणूनच अपुरे ठरते.

३. अशा जागांचा इतिहास भाडेपावत्या, तिकिटांचे गठ्ठे, हस्तलिखित फलक आणि संस्थांची इतिवृत्ते यांत विखुरलेला आहे. सुलभा देशपांडे (२०१६) आणि अरुण काकडे (२०१९) यांच्या निधनाने त्याचे प्रमुख साक्षीदार गेले आहेत. उरलेल्यांच्या मुलाखती आणि कागदपत्रे जतन करणे हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही.

४. छबिलदासच्या सभागृहात वास्तू म्हणून असाधारण असे काही नव्हते. तशी सभागृहे महाराष्ट्रातील बहुतेक शाळा-महाविद्यालयांत आहेत आणि वर्ग सुटल्यावर त्यांपैकी पुष्कळशी कुलूपबंद होतात. छबिलदासचे वेगळेपण इतकेच की, तेथे एका शिक्षिकेने विचारणा केली आणि संस्थेने किल्ली दिली. त्यातून मराठी नाटकाचे एक पर्व घडले, हे शिक्षणसंस्थांशी संबंधित प्रत्येकाने ध्यानी घ्यावे असे आहे.