मोरबेची कॉफी

कॉफीच्या कपात कॉफी किती असते? फिल्टर केलेल्या काळ्या कॉफीत साधारण सव्वा टक्का. बाकी सगळं पाणी! तरीही आपण वाद घालतो ते चिकमगळूरच्या बिया चांगल्या की कूर्गच्या यावर. पाण्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून या वीकेंडला पाण्याचा इतिहास.

१९५०च्या दशकात अमेरिकेत अर्नेस्ट लॉकहार्ट या शास्त्रज्ञाने कॉफीचं गणित मांडलं. पुडीच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग पाण्यात उतरला की चव जमते. कमी उतरला तर आंबट, जास्त उतरला तर कडू. दळण किती बारीक, पाणी किती गरम, वेळ किती... ही सगळी बटणं त्या एका आकड्यासाठी फिरवायची. महाबळेश्वरला पाणी ९५-९६ अंशालाच उकळतं, वाशीत १००ला. म्हणजे तिथली पहिली वाफ आणि इथली पहिली वाफ सारखी नाही.

पण पाणी स्वतः काय करतं? २०१४ साली इंग्लंडमधल्या बाथ शहरात क्रिस्टोफर हेंडन हा रसायनशास्त्रज्ञ आणि कोलोना-डॅशवुड हे कॉफीवालं जोडपं यांनी मिळून संगणकावर हिशेब केला. पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम चवीचे रेणू पुडीतून ओढून काढायला मदत करतात. बायकार्बोनेट मात्र जास्त झालं की कॉफीतली आम्लता मारून टाकतं आणि कॉफी मेंगळट लागते. थोडक्यात, क्षार अगदी नकोत असंही नाही आणि फार नकोत हेही खरं.

आता हे आपल्या नळाला लावून बघू. १९७० साली सिडको आली तेव्हा इथे भातशेती, मिठागरं आणि खाडी होती. खाडीकाठचं भूजल मचूळ, त्यावर शहर वसणं शक्यच नव्हतं. पाणी लांबूनच आणायला हवं होतं. १९९२ साली महापालिका झाली आणि पुढे तिने जीवन प्राधिकरणाकडून खालापूर तालुक्यातलं, धावरी नदीवरचं मोरबे धरण विकत घेतलं. स्वतःच्या मालकीचं धरण असलेल्या महापालिका राज्यात मोजक्याच. रोज ४५० दशलक्ष लिटर पाणी देण्याची त्याची क्षमता. ते भोकरपाड्याला शुद्ध होऊन आपल्याकडे येतं. त्यासाठी तिथल्या गावांनी जमिनी दिल्या, आणि पुनर्वसनासाठी त्या लोकांना पुढे आंदोलनंही करावी लागली.

हे पाणी म्हणजे डोंगरावर पडलेला पाऊस, त्यामुळे मुळातच मऊ. क्षार थोडे, पण आहेत. आणि आपण काय करतो? घरी आरओ लावतो! ते थोडे क्षारही काढून टाकतो, वर एका लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ सालीच सांगितलं होतं की, जिथे विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा कमी असतील तिथे आरओवर बंदी घाला. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर गोष्ट वेगळी. सोसायटीची टाकी घाण असेल तर ती धुवायला हवी. जंतूंची भीती असेल तर उकळणं किंवा यूव्ही पुरतं, त्यात क्षारांना फारसा धक्का लागत नाही.

विश्वास नको ठेवू. रविवारी दोन कप कर: एक आरओच्या पाण्याचा, एक उकळलेल्या नळाच्या पाण्याचा. पूड, वजन, तापमान, वेळ सगळं तेच. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं, हे आपल्या धंद्यात कुणाला शिकवायला नको :-) दूध-साखर घालायच्या आधी चाख. फरक जाणवला नाही तर आरओ खुशाल ठेव. जाणवला तर मात्र बंद करण्यापूर्वी महिन्याचं वाया जाणारं पाणी एकदा बादलीत मोजून बघ, आणि ते कुणाच्या शेतावर साठलंय तेही आठव.