शाळेतले शब्द आणि शिक्षकांची परीक्षा

शाळा, फळा, दप्तर, हजेरी हे शब्द आपण रोज बोलतो, पण ते आपल्या घरात आले कोठून याचा विचार सहसा करीत नाही.

'शाळा' संस्कृत 'शाला'वरून आली; शाला म्हणजे घर. 'फळा' झाला 'फलक'पासून. 'परीक्षा' म्हणजे चोहोबाजूंनी पाहणे. 'इयत्ता' हाही संस्कृतच, अर्थ 'एवढेपणा'. किती शिकलास? एवढे! पुढे मुसलमानी अमदानीत फारसी-अरबी शब्द कचेरीतून घराघरांत शिरले. पोराच्या पाठीवरचे 'दप्तर' फारसी, 'हजेरी'चे मूळ अरबी. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी दप्तर काही सुटले नाही. पोर्तुगीजांनी 'पगार' दिला. (तो महिन्याच्या महिन्याला हाती पडावा, ही सोय मात्र त्यांनी केली नाही!) 'मास्तर' इंग्रजीतून आला आणि 'मिस्त्री' पोर्तुगीजांकडून; परंतु दोघांचे मूळ लॅटिन 'माजिस्तेर' हे एकच. भिंत बांधणारा आणि मूल घडविणारा सख्खे भाऊ निघाले, याची मला फार मौज वाटली. ज्यांना गोडी असेल त्यांनी कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ सालचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' जरूर चाळावा.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. ही गोडी लागली ती जाऊबाईंच्या लेकीमुळे. ती शिक्षक पात्रता परीक्षेला बसणार आहे. तत्सम, तद्भव, देशी, परभाषी असे शब्दांचे प्रकार तिला ओळखावे लागतात, आणि मी भाजी निवडता निवडता प्रश्न विचारते.

शिक्षकांच्या परीक्षेलाही इतिहास आहे. इंग्रजी राज्यात मुंबई इलाख्यात मराठी सातवीला 'व्हर्नाक्युलर फायनल' असे. लोक नुसते 'फायनल' म्हणत. ती उतरली की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शके; पुढे ट्रेनिंग कॉलेज. म्हणजे त्या काळी सातवीचे मोल केवढे! आता पदविका घेऊनही पुरत नाही. २०१० मध्ये पात्रता परीक्षा ठरली, महाराष्ट्रात ती २०१३ पासून सुरू झाली. दीडशे प्रश्न, अडीच तास, उत्तीर्ण व्हायला शेकडा ६० गुण. राखीव वर्गांना सवलत.

१ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, ज्यांच्या निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक अवकाश आहे अशा नोकरीतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत ही परीक्षा द्यावी. आमच्या आळीतल्या एक बाई वीस वर्षे पहिलीला शिकवीत आहेत. जाऊबाईंच्या लेकीला बाराखडी त्यांनीच गिरवायला लावली. आता दोघींचा अभ्यास एकाच पुस्तकावर चालतो. गणित मुलगी समजावते, आणि शब्द कोठला हे बाई अचूक सांगतात.