पाळी थांबते तेव्हा : अनार्तव आणि आयुर्वेदीय आहारविहार

मासिक पाळी महिना-दीड महिना लांबली की घरात प्रथम आठवण होते ती पपई, तीळगूळ आणि ओव्याच्या काढ्याची. त्याने काही झाले नाही तर पाळी आणणारी एखादी गोळी परस्पर आणली जाते. वस्तुतः पाळी न येणे हा स्वतंत्र आजार नसून ते एक लक्षण आहे. त्यामागील कारण न शोधता केलेला उपाय निष्फळ ठरतो, प्रसंगी घातकही ठरतो. चिकित्सेची पहिली पायरी म्हणजे रोगाचे कारण दूर करणे, असे आयुर्वेदही सांगतो.

अनार्तव केव्हा म्हणावे?

प्रौढ स्त्रीमध्ये दोन पाळ्यांतील अंतर साधारणतः 21 ते 35 दिवसांचे असते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली काही वर्षे ते 45 दिवसांपर्यंत असू शकते. वयाच्या 15 व्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नाही, नियमित असलेली पाळी सलग 3 महिने आली नाही किंवा अनियमित असलेली पाळी 6 महिने आली नाही, तर तपासणी आवश्यक ठरते. गर्भारपण, स्तनपानाचा काळ आणि रजोनिवृत्ती या अवस्थांत पाळी नसणे स्वाभाविक आहे. सुश्रुतसंहितेत आर्तवाचा काळ वयाच्या 12 व्या वर्षापासून 50 व्या वर्षापर्यंत सांगितला आहे.

संप्रेरकांची साखळी

मेंदूतील हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला संदेश देतो. ती ग्रंथी अंडाशयाला चालना देते आणि अंडाशयातून इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन स्रवते. या साखळीतील एक कडी निखळली तरी पाळी थांबते. थायरॉइडचे विकार, वाढलेले प्रोलॅक्टिन, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम म्हणजे पीसीओएस, चाळिशीपूर्वी अंडाशयाचे कार्य मंदावणे ही त्याची प्रमुख कारणे होत. अतिरेकी डाएटिंग, अतिव्यायाम व तीव्र मानसिक ताण यांमुळेही मेंदूकडून येणारे संदेश क्षीण होतात. भारतात गर्भाशयाचा क्षयरोग हेही एक कारण दुर्लक्षून चालत नाही.

आयुर्वेदाची दृष्टी

आर्तव हा रसधातूचा उपधातू मानला जातो. म्हणजेच अन्नाचे पचन नीट झाले, रसधातू उत्तम बनला, तरच आर्तव योग्य निर्माण होते. त्याला बाहेर वाहून नेण्याचे काम अपान वायूचे. दोषांनी मार्ग अडल्यामुळे आर्तव नष्ट होते, असे सुश्रुतांनी सांगितले असून त्यावर मासे, कुळीथ, तीळ, उडीद, कांजी, ताक, दही असा उष्ण व अम्ल आहार सुचविला आहे. काश्यपसंहितेत स्थूल व केसाळ गाल असलेल्या, पाळी येऊनही ती निष्फळ ठरणाऱ्या स्त्रीचे वर्णन ‘पुष्पघ्नी’ या नावाने येते. अनेक वैद्य त्याची तुलना पीसीओएसशी करतात.

आहार : प्रकृतीप्रमाणे

एकच पथ्य सर्वांना लागू पडत नाही. येथे ढोबळमानाने दोन चित्रे दिसतात.

वजन वाढलेली, सुस्ती असलेली, हनुवटीवर केस आलेली स्त्री : येथे कफ व मेद यांचा अवरोध मानला जातो. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी, कुळथाचे पिठले, मूग, मेथी-शेपूसारख्या पालेभाज्या, ताजे ताक, आले-जिरे-हिंग यांचा वापर हितावह. मैद्याचे पदार्थ, मिठाई, शीतपेये, रात्रीचे दही व दुपारची झोप वर्ज्य. पीसीओएसमध्ये वजन 5 ते 10 टक्के घटले तरी अनेकींची पाळी पूर्ववत होऊ लागते, हे आधुनिक वैद्यकालाही मान्य आहे.

कृश, उपाशी राहणारी, अतिव्यायाम करणारी मुलगी : येथे रसक्षय व वाताचा प्रकोप असतो. तिला लंघन किंवा कोरडे अन्न देणे म्हणजे रोग वाढविणे होय. वरण-भात-तूप, दूध, खजूर, मनुका, तिळाची चटणी, उडदाचे पदार्थ अशा पोषक, स्निग्ध आहाराची गरज असते. इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिल्यास हाडे ठिसूळ होतात, म्हणून हा प्रश्न केवळ पाळीपुरता उरत नाही.

दिनचर्या

आधीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, मलमूत्राचे वेग अडविणे आणि रात्रीची जागरणे यांमुळे अपान वायू बिघडतो. ठरावीक वेळी भोजन आणि झोपेपूर्वी दोन-तीन तास आधी जेवण हे साधे नियमच उपयुक्त ठरतात. व्यायाम आपल्या शक्तीच्या निम्माच करावा, असा आयुर्वेदाचा दंडक आहे. स्थूल स्त्रीने भरभर चालणे व सूर्यनमस्कार नियमित करावेत, तर कृश मुलीने व्यायाम कमी करून विश्रांती वाढवावी. बद्धकोनासन, भुजंगासन व प्राणायाम यांनी मनाचा ताण हलका होण्यास मदत होते.

औषधांबाबत सावधगिरी

शतावरी, बाळंतशोपा, कोरफड यांचा उल्लेख या संदर्भात वारंवार येतो. बस्ती, विरेचनादी पंचकर्मेही केली जातात. मात्र या औषधांबाबत मोठ्या प्रमाणावरील शास्त्रीय अभ्यास अद्याप अपुरे आहेत. ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत. रजःप्रवर्तनी वटीसारखी उष्ण औषधे, तसेच हळीव, यांचा वापर गर्भारपणात टाळावा लागतो. त्यामुळे विवाहित असो वा अविवाहित, संभव असल्यास गर्भधारणेची चाचणी सर्वप्रथम करावी. त्यात संकोच बाळगू नये. थायरॉइड किंवा मधुमेहाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. धातुमिश्रित औषधे अनोळखी ठिकाणाहून घेऊ नयेत.

तपासणी टाळू नये

थायरॉइड, प्रोलॅक्टिन आदींच्या रक्तचाचण्या व सोनोग्राफी यांतून बहुतेक कारणे उलगडतात. पीसीओएसमध्ये पाळी महिनोन्महिने न आल्यास गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते व पुढे कर्करोगाचा धोका संभवतो. स्तनांतून दुधासारखा स्राव, सतत डोकेदुखी व दृष्टी अंधुक होणे, ओटीपोटात तीव्र वेदना, आवाज घोगरा होणे ही लक्षणे दिसताच विनाविलंब स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.

आहारविहारातील बदलांचा परिणाम दिसण्यास काही महिने लागतात. तोवर पाळीच्या तारखा, वजन व झोप यांची नोंद ठेवावी. वैद्य वा डॉक्टर यांना निदानासाठी ती मोलाची ठरते.