पंकज आणि क्लेदज

फूल ही काव्याची चिरंतन प्रेरणा होय, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु कवीने ते कोणत्या भूमीतून उगवलेले पाहिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आधुनिक बंगाली काव्यापुरते त्याचे एक उत्तर कलकत्त्याच्या बालीगंज भागात सापडते. रासबिहारी अ‍ॅव्हिन्यूवरील २०२ क्रमांकाच्या ‘कविताभवना’त बुद्धदेव बसू १९३७ ते १९६६ पर्यंत राहिले. ‘कविता’ या त्रैमासिकाचे संपादन ते येथूनच करीत. याच काळात, अवघ्या चार वर्षांच्या अंतराने, त्यांचे दोन अनुवादग्रंथ प्रसिद्ध झाले : १९५७ मध्ये कालिदासाचे ‘मेघदूत’ आणि १९६१ मध्ये बोदलेअरची कविता.

कालिदासाच्या अलकानगरीत कमळ, कुंद, लोध्र, कुरबक, शिरीष आणि कदंब ही निरनिराळ्या ऋतूंची फुले एकाच वेळी स्त्रियांचे प्रसाधन होतात. तेथे कोमेजणे ठाऊकच नाही. उलट बोदलेअरने १८५७ च्या आपल्या संग्रहाच्या नावातच फुलाशी पापाची सांगड घातली, आणि अर्पणपत्रिकेत त्या फुलांना रुग्ण म्हटले. पॅरिसच्या न्यायालयाने त्यातील सहा कविता निषिद्ध ठरविल्या.

त्या नावातील मूळ फ्रेंच शब्दात पाप, दुःख आणि व्याधी असे तिन्ही अर्थ आहेत. बुद्धदेवांनी त्यासाठी ‘क्लेदज कुसुम’ अशी योजना केली. क्लेद म्हणजे ओल, मळ. हा समास ‘पंकज’ या शब्दाच्या कुळातला; त्यामुळे परके फूल भारतीय मातीत क्षणात रुजले. पण त्याची किंमतही पडली. चिखलातून कमळ येते हे आपणांस परंपरेनेच मान्य असल्याने मूळ नावातील नैतिक आघात येथे बोथट झाला. पाप गेले, मळ उरला.

मराठी वाचकास हा प्रश्न दूरचा नाही. बालकवींच्या (१८९०–१९१८) ‘फुलराणी’चा विवाह सूर्यकिरणाशी होतो, मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहावर मात्र अश्लीलतेचा खटला झाला व त्यातून ते निर्दोष सुटले. तीस-चाळीस वर्षांत काव्याची भूमीच बदलली होती. आपल्या समीक्षेने या बदलाचे वर्णन बहुधा ‘सौंदर्याचा लोप’ असे केले. बालीगंजातील ते दोन ग्रंथ वेगळे सुचवितात : ज्या हातांनी अलकेची फुले वेचली, त्यांनीच क्लेदातील फूलही खुडले. सौंदर्य लोपले नव्हते. त्याच्या मुळांशी लागलेली माती प्रथमच दिसू लागली होती.